हाताला विचारून घेतलेली फळी

मामा आधी मनगट धरायचे आणि मग नमस्कार करायचे.

नवीन बॅट घेऊन कोर्टावर आलेल्या माणसाच्या बॅटीकडे ते ढुंकूनही बघत नसत. मनगट दोन बोटांत धरायचं, वरखाली करायचं, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायचं आणि मग हुकूम सोडायचा, "आता त्या लिंबापोतर जाऊन या." कोर्टाच्या कडेला एक कडुलिंब आहे. चांगले नावाजलेले डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक, एक वकीलसाहेब, असे सगळे त्या लिंबापर्यंत मुकाट्याने चालत जाऊन परत आलेले मी पाहिले आहेत. मामा कमरेवर हात ठेवून चाल बघायचे. मग कुठे ती बॅट हातात घ्यायचे, एका बोटावर तोलायचे आणि बहुतेक वेळा एकच बोलायचे, "ही डोळ्यानं घितली. डोळ्याला न्हाई इचारायचं. हाताला इचारायचं."

बॅट हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. पॅडल तर नाहीच नाही. फळी!

अंबाजोगाईच्या आमच्या सरकारी दवाखान्यात मामा प्लास्टरच्या खोलीत मदतनीस होते. शेजारची एक्स-रेची खोली माझी. मोडलेलं हाड आधी माझ्याकडे यायचं, मग त्यांच्याकडे जायचं. बावीस वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं. ते मला 'एक्सरे साहेब' म्हणायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, आणि खरं तर सगळं गावच म्हणायचं. ते मूळचे पालीचे, बीडजवळ बिंदुसरेच्या धरणाकडचे. घरी मेंढरं. दोघे थोरले भाऊ अजूनही मेंढरांमागे आहेत. धाकटे म्हणून हे शाळेत गेले आणि शाळेत गेले म्हणून नोकरीला लागले. पण मेंढक्याच्या काही सवयी अंगातून गेल्या नव्हत्या. खिशात घोंगडीच्या काळ्या लोकरीचा एक दोरा कायम असायचा, कशाला ते पुढे सांगतो. दुसरी सवय खड्यांची. चालता चालता वाकून खडा उचलायचा आणि लांब पडलेल्या एखाद्या डब्यात बघता न बघता अलगद टाकायचा. खडा डब्यात पडल्याचा टण् आवाज आला की समजायचं, मामा ड्यूटीवर आले.

पिकलबॉल आमच्या गावात आणला तो हाडांच्या एका तरुण डॉक्टरांनी. तुमच्याकडे अजून पोचला नसेल तर थोडक्यात सांगतो. बॅडमिंटनएवढं मैदान, कमरेइतकी जाळी, भोकं भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू आणि पोळपाटाला दांडा बसवावा तशी बॅट. जाळीपुढे दोन्ही बाजूंना सात फुटांची पट्टी असते, तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. एवढंच. आमच्या क्वार्टर्समागे बॅडमिंटनचं भेगाळलेलं सिमेंटचं मैदान होतं. त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या आणि महिन्याभरात आम्ही चाळीस-पन्नास माणसं पार वेडी झालो. संध्याकाळी साडेपाचला दवाखान्यातला कोणताही माणूस हवा असेल तर कोर्टावर या, अशी गत झाली.

पण उद्घाटनालाच एक घोळ झाला. उद्घाटनाला आमच्या भागातले एक पुढारी आले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी मोठ्या मनाने डझनभर बॅटी भेट दिल्या. बॅटी एकसारख्या, जड, आणि प्रत्येकीच्या एका बाजूवर भाऊंचा हात जोडलेला हसरा फोटो चिकटवलेला.

आता मला सांगा, भाऊंच्या तोंडावर चेंडू कोण हाणणार?

कुणी कुणाला बोललं नाही, पण पहिल्या दिवसापासून सगळे फक्त कोऱ्या बाजूने खेळायला लागले. चेंडू डाव्या हाताला आला तर कुणी गोल फिरून उजवीकडे जायचा, कुणी मनगट असं पिळवटायचा की बघणाऱ्याचं मनगट दुखावं. कोर्टालगतच्या टपरीवर भाऊंचे कार्यकर्ते चहाला बसलेले असायचे, त्यामुळे विषयच संपला. दोन आठवड्यांत चार जण कोपर धरून माझ्या मशीनसमोर आले. एक्स-रेत हाड निर्मळ. औषधं झाली, शेक झाला, दुखणं काही हलेना.

मामा तेव्हा खेळत नव्हते, नुसते कठड्यावर बसून बघत होते. शेवटी एका संध्याकाळी ते मैदानात उतरले. "येक इचारू का? तुमी समदे येकाच अंगानं कावून खेळायलाव?"

आमचे एक ज्येष्ठ डॉक्टर खाकरले आणि हळूच म्हणाले, "मामा, मागच्या बाजूला भाऊ आहेत."

मामा खाली बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गरम पाणी आणलं आणि लहान पोराच्या पायाचं प्लास्टर सोडवावं इतक्या हळुवारपणे बाराही फोटो सोडवले. एकाचाही कोपरा फाटला नाही. ते सगळे त्यांनी गुण लिहायच्या फळ्यावर ओळीने चिकटवले. "आता भाऊ बसून बघतील की निवांत!" कार्यकर्तेही खूश झाले, कारण फोटो रस्त्यावरून दिसायला लागले. त्या दिवशी आमच्या गावात बॅकहँड जन्माला आला.

आणि मामाही खेळायला लागले. पण त्यांचा खरा जीव रमला तो फळी निवडण्यात. लोक इंटरनेटवर बघून बॅटी मागवायला लागले होते. कुणी रंगावर भाळायचं, कुणी एखादा नामांकित खेळाडू वापरतो म्हणून घ्यायचं, आणि बरेच जण साहेबांनी घेतली म्हणून घ्यायचे. मामांनी हे सगळं मोडीत काढलं. त्यांचा तो काळा दोरा इथे कामाला आला. तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत दोरा धरायचा, दोन्हीकडे गाठ मारायची आणि तोच दोरा दांड्याला गुंडाळून बघायचा. "मूठ बारीक पडली का हात आवळतोय. हात आवळला का कोपर बोंबलतंय." बारीक दांड्यावर ते कापडी पट्टी चढवून द्यायचे. वजन कमी वाटलं तर पालीच्या धरणावर जाळी टाकणाऱ्या एका मित्राकडून आणलेलं शिसं ठोकून पातळ करायचे आणि फळीच्या कडेला चिकटवायचे. इकडे एक तुकडा, तिकडे एक तुकडा, पुन्हा बोटावर तोल. जवारी पाखडणाऱ्या बाईच्या तोंडावर असते तशी तंद्री तेव्हा त्यांच्या तोंडावर असायची.

मी स्वतः लाल रंगाची, लांबोडकी, पातळ अशी बॅट मागवली होती. जोरदार फटक्यांसाठी खास, असं तिच्या खोक्यावर लिहिलं होतं. मामांनी माझं मनगट धरलं. मला लिंबापर्यंत पाठवलं. परत आल्यावर म्हणाले, "एक्सरे साहेब, तुमी लिंबाला धडकताव का काय असं वाटलं मला."

"म्हणजे?"

"तुमी घाईचं मानूस हाव. घाई अंगातच हाय, ती फळीत आनखी कशाला घ्यायची?"

मला भयंकर राग आला. पण त्यांनी हातात दिलेली रुंद, जाड, मऊ फळी घेऊन मी खेळलो आणि माझे चेंडू चक्क आत पडायला लागले. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या मामांना विचारा, घरात वापरायला काही मिळतं का तसलं."

उलट आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर. हात इतका हलका की त्यांचा चेंडू जाळीपर्यंत पोचतानाच दमायचा. त्यांना मामांनी पातळ, टणक, डोक्याकडे जरा जड फळी दिली आणि आठ दिवसांत सिस्टरांच्या फटक्यांना वकीलसाहेब घाबरायला लागले. प्रत्येकाला वेगळी फळी, पण ज्याच्या-त्याच्या हाताची. मोडलेल्या हातांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला धडधाकट हात किती आवडत असतील, हे मला तेव्हा कळलं. एखादा फटका बरोबर बसला की ते लांबून ओरडायचे, "बसला! आता हात बोलला!" आणि स्वतःच टाळी वाजवायचे.

त्यांचा स्वतःचा खेळ कसा होता म्हणाल, तर मऊ. त्यांनी चेंडू कधी हाणला नाही. खालून अलगद उचलायचा आणि जाळीच्या पलीकडे वीतभर अंतरावर नेऊन ठेवायचा. समोरचा तडाखा मारायच्या तयारीत मागे उभा असायचा आणि त्याला धडपडत पुढे यावं लागायचं. त्यांची फळी रुंद, हलकी, कडेला शिशाचे दोन तुकडे, दांड्यावर दवाखान्यातल्यासारखी नीट गुंडाळलेली पट्टी. तिच्याकडे कुणी दोनदा बघितलं नसतं.

मामांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले आणि बीडला जिल्ह्याच्या स्पर्धा जाहीर झाल्या. पन्नाशीपुढच्यांची दुहेरी होती. मामा माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "खेळू. तुमी आनि मी."

मी आनंदाने उडायचाच बाकी होतो. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. बीडहून पाली हाकेच्या अंतरावर. भावांना बोलावणार होते. "थोरला म्हनतोय, म्हातारपणी फळकूट घिऊन नाचायलास. मी म्हणलं, या, बगा तरी. तीस वर्सं झाली, मी काय करतो ते त्यांनी कवाच बगितलं न्हाई. प्लास्टरच्या खोलीत कोन येतंय बगायला?"

मला त्याच क्षणी समजलं की या माणसाला कप नको आहे, भावांनी बघायला हवं आहे.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी एक खोकं आलं. आत लांब दांड्याची, निमुळती, काळी कुळकुळीत, जड फळी. जवळपास माझ्या त्या लाल बॅटीची बहीणच. मी बघतच राहिलो. "मामा, ही कुणाला?"

"मला."

"तुम्हाला?"

"माझ्या अंगात जोर न्हाई. मंग फळीत घितला. माझाच नेम हाय न्हव?"

नियम त्यांचाच होता, मी काय बोलणार! पण लोकरीचा दोरा त्यांनी खिशातून काढला नाही. बोटावर तोल बघितला नाही. हे मी बघितलं आणि गप्प बसलो. माझ्या त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. सरावात त्यांचे फटके कोर्टाबाहेर जायला लागले. एखादा आत पडला की एवढा मोठा फाड्दिशी आवाज व्हायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. "लांबून बी ऐकू जाईल, न्हाई का?" मी म्हणायचो, जाईल की.

बीडच्या कोर्टावर हिरवा-निळा रंग होता, रेघा कशा आखीव! पहिले दोन सामने आम्ही कसेबसे जिंकलो, समोरचे आमच्याहून वाईट होते म्हणून. अंतिम सामन्याच्या वेळी मामांचे दोघे भाऊ आले. फेटे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्च्या रिकाम्या असून ते कठड्यापाशी उभेच राहिले. मामांनी त्यांना हात केला आणि मग पहिल्या चेंडूपासून हाणायला सुरुवात केली.

काय सांगू! एक चेंडू बाहेर, दुसरा जाळीत, तिसरा पंचाच्या खुर्चीखाली. पहिला डाव आम्ही अकरा-तीनने हरलो. मामा उजवं कोपर चोळत होते.

मधल्या विश्रांतीत मी पाणी प्यायलो, बाटली खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांचं मनगट धरलं. दोन बोटांत. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. हात पार आवळलेला होता.

"मामा, ही फळी तुमच्या हातानं मागितलेली नाही. भावांच्या डोळ्यांनी मागितलीय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, संपलं, बावीस वर्षांची ओळख गेली. मग त्यांनी कठड्याकडे बघितलं. "त्यांना दिसायचं न्हाई," ते पुटपुटले. "मऊ चेंडू लांबून दिसत न्हाई."

"नाही दिसला तर नाही दिसला. मला दिसतो ना!"

"गप बे," मामा म्हणाले. बावीस वर्षांत मला पहिल्यांदा बे म्हणाले. आणि पिशवीतून त्यांनी आपली जुनी फळी काढली. सोबत आणली होती तर!

दुसरा डाव कधी सुरू झाला आणि कधी आमचा झाला, मला नीट आठवत नाही. अकरा-सहा. मामांचा चेंडू जाळीवरून तरंगत जायचा आणि पलीकडे जीव सोडायचा. समोरचे दोघे पुढे पळायचे, मागे पळायचे, एकमेकांवर खेकसायचे. लोक उठून उभे राहिले. आमच्या गावच्या सिस्टर, वकीलसाहेब सगळे ओरडत होते. तिसरा डाव पाच-पाच, सात-सात. आणि अशात मामांनी एक चेंडू खालून इतका हळू टाकला की तो जाळीच्या काठावर विचार करत बसला, आणि मग पलीकडे पडला. समोरचा माणूस उजवीकडे निघाला होता, तो जागच्या जागी डावीकडे वळला आणि बसकण मारून खाली पडला.

कठड्यापाशी थोरल्या भावानं काठी आपटली. "आरं खडा! त्यो खडा टाकायलाय!"

सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्याला कशाचं भान नव्हतं. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून ते सांगत होते. कळप वळवायचा तर मेंढराला मारायचं नसतं. म्होरक्या मेंढीच्या तोंडापुढं हातभर अंतरावर खडा टाकायचा, की ती बिचकते आणि वळते, आणि तिच्यामागं सगळा कळप. "आख्ख्या पालीत ह्याच्यासारखा खडा कुनाला टाकता येत नव्हता! ह्यो साळंत गेला, तवा आमी दोघं रडलोत. आता मेंढरं कोन वळवनार म्हून!"

मामा मैदानाच्या मधोमध फळी धरून उभे होते. सर्व्हिस त्यांची होती, पंच दोनदा गुण बोलला, त्यांना ऐकूच आलं नाही. मी जवळ गेलो तर हसत होते आणि डोळे भरलेले. "मलाच म्हाईत नव्हतं बे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या चाली बगितल्या. आपली चाल आपल्याला दिसत न्हाई."

सामना आम्ही हरलो. तेरा-अकराने, आणि तोही माझ्यामुळे. शेवटचा चेंडू सोपा वर आला होता, नुसता ठेवायचा होता, मी जीव खाऊन हाणला आणि तो बहुधा अजून बिंदुसरेकडे चाललेला असेल. मी डोकं धरून खाली बसलो. मामा पाठीवर थाप मारत म्हणाले, "घाई अंगातच हाय, फळी काय करंल बिचारी?" आणि मग ते कठड्याकडे गेले. थोरल्यानं त्यांच्या हातातली फळी घेतली, उलटसुलट केली आणि ती आपल्या एका बोटावर तोलून बघितली. ही सवय कुठून आली होती, तेही त्या दिवशी कळलं.

मामा निवृत्त झाले आणि पालीला गेले. इथे राहा म्हणून आम्ही सगळ्यांनी गळ घातली, पण त्यांचं ठरलेलं होतं. ती काळी लांब फळी ते सिस्टरांना देऊन गेले. ती त्यांच्या हातात अशी काही बसली की वकीलसाहेबांनी आता संध्याकाळी फिरायला जायचं सुरू केलं आहे. प्लास्टरच्या खोलीत नवा माणूस आला. चांगला आहे, मुकाट्याने काम करतो. पण सकाळी डब्यात खडा वाजत नाही आणि कितीतरी दिवस मी त्या आवाजासाठी कान देऊन बसायचो. कोर्टावर बारा भाऊ हात जोडून हसत असतात. लिंबापर्यंत आता कुणीच चालत जात नाही.

मागच्या आठवड्यात बीडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दवाखान्यात येऊन माझ्या नावाचा एक लिफाफा दिला. आत वहीच्या पानाचा तुकडा होता. मामांचं अक्षर.

'एक्सरे साहेब, मेंढरं बसवायच्या जागेपाशी सिमेंट केलंय. रेघा मारल्या. थोरल्याला फळी पाहिजे. चाल मी बघितली हाय, सावकाश हाय पण थांबत न्हाई. हाताचं माप सोबत. निवड तुमी करा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, भाऊ हाय.'

लिफाफा उलटा केला तर तळहातावर काळ्या लोकरीचा दोरा पडला, दोन गाठींचा. मी तो माझ्या हाताला लावून बघितला. मधल्या रेषेवर एक गाठ धरली आणि दोरा अनामिकेवर ताणला. दुसरी गाठ माझ्या बोटाच्या चांगली अर्धा इंच पुढे गेली. केवढा हात!

बाहेर पेशंट थांबला होता. मी म्हटलं, जरा थांबा, आणि तो दोरा पुन्हा एकदा लावून बघितला. सावकाश.